बीटलच्या हीटरची उघडी तोंडे

पुण्यात मोटारीचा हीटर खरोखर लावावासा वाटेल अशा सकाळी वर्षातून आठ-दहाच्या वर येत नाहीत, आणि त्यांतल्या निम्म्या सकाळी आपण गाडी बाहेरच काढत नाही. त्यामुळे जुनी फोक्सवॅगन बीटल सांभाळणाऱ्यांकडे सर्वांत आधी बळी जातो तो हीटरचा. सायलेन्सर गंजतो, त्याच्या जोडीने हीटरच्या पेट्या गंजतात, मूळ प्रतीच्या पेट्या सहज मिळत नाहीत, मिळाल्याच तर किंमत ऐकून मन मागे हटते, मग मिस्त्री साधे वाकवलेले पाइप बसवून देतो आणि विचारतो, "इथे हीटर लागतो कोणाला?" प्रश्न रास्त आहे. मात्र हीटर निघून गेला तरी त्याच्यासाठी ठेवलेली तोंडे इंजिनावर तशीच राहतात, आणि या इंजिनातले कोणतेही तोंड नुसते रिकामे नसते, कारण त्यातून सतत हवा जात किंवा येत असते. कोणत्या तोंडातून हवा बाहेर जाते, कोणत्यातून आत येते, आणि म्हणून कोणते कशाने बंद करावे, एवढाच या लेखाचा विषय आहे.

माझ्या परिचयातल्या एका निवृत्त प्राध्यापकांची १९६६ सालची बीटल गेल्या उन्हाळ्यात दिवे घाट चढताना तापू लागली. या गाडीला पाण्याच्या तापमानाचा काटा नसतो, कारण पाणीच नसते. त्यामुळे तापल्याची पहिली बातमी ऑइलच्या दिव्याने दिली. घाटमाथ्यावर झेंडेवाडीपाशी गाडी उभी करून इंजिन चालू ठेवले की दिवा लुकलुके, थोडी रेस दिली की विझे. तापलेले ऑइल पातळ होते आणि पातळ ऑइलचा दाब मंद फेऱ्यांवर टिकत नाही, त्याची ती खूण. ऑइल बदलून झाले, टायमिंग तपासून झाले, कार्बोरेटर उघडून धुऊन झाला, तरी फरक पडला नाही. शेवटी कोणीतरी गाडीच्या मागे असलेल्या इंजिनाचे झाकण उघडून टॉर्च मारला, तेव्हा पंख्याच्या पत्र्याच्या घरावर उजवीकडच्या एका गोल तोंडात जुन्या बनियनचा बोळा कोंबलेला दिसला आणि डावीकडचे तसेच तोंड सताड उघडे होते. तिथेही बोळा होता, असे सर छातीठोकपणे सांगत होते. तो गेला कुठे, हे महिन्याभराने इंजिन उतरवल्यावर कळले. ऑइल कूलरच्या फटींमध्ये बनियनच्या चिंध्या, धुळीने आणि तेलाने काळ्या होऊन, नमदा ठोकून बसवावा तशा घट्ट बसल्या होत्या. तोंडातून उडालेला बोळा पंख्यानेच ओढून घेतला होता, त्याचे तुकडे केले होते आणि ते नेमके नको त्या जागी नेऊन बसवले होते.

हे कसे घडते हे कळण्यासाठी इंजिन थंड राहते कसे ते पाहावे लागते, आणि पुणेकरांना ते समजावणे सोपे आहे, कारण आकुर्डीच्या बजाज चेतकने तीच युक्ती घरोघरी पोहोचवली होती. स्कूटरचे इंजिन पॅनेलच्या आड असते, त्याला समोरचा वारा लागत नाही. म्हणून मॅग्नेटच्या चाकावरच पाती असतात आणि त्या पात्यांचा वारा एका कव्हरमधून सिलिंडरच्या पाकळ्यांवर, म्हणजे त्याच्या अंगावरच्या धातूच्या पातळ कडांवर, नेलेला असतो. ते कव्हर तडकले किंवा कोणी बसवायचेच विसरले, तर पंखा पूर्वीइतकाच फिरत राहतो, पण वारा सिलिंडरवर न जाता बाजूला सांडतो आणि पिस्टन धरतो. बीटलमध्ये हेच मोठ्या आकारात आहे. दोन सिलिंडर उजवीकडे आणि दोन डावीकडे आडवे निजलेले असतात. मधोमध उंचावर डायनॅमो असतो. डायनॅमोच्याच शाफ्टवर पंखा असतो आणि पंख्याभोवती पत्र्याचे मोठे घर असते, ज्याला श्राउड म्हणतात. क्रँक पुलीवरचा बेल्ट डायनॅमो फिरवतो, म्हणजेच पंखाही फिरवतो. मागच्या काचेखालच्या झरोक्यांतून खणात आलेली हवा पंखा ओढून घेतो आणि श्राउडमध्ये दाबतो; तिथून ती दोन्ही बाजूंनी खाली सिलिंडर आणि हेड (सिलिंडरच्या टोकावरचे झाकण) यांच्या पाकळ्यांमधून ढकलली जाते आणि तापलेली हवा इंजिनाच्या पोटाखाली, रस्त्याच्या बाजूला सोडली जाते.

हवा हे थंड करण्याचे तसे दुबळे साधन आहे. एक लिटर पाणी एका अंशाने तापताना जेवढी उष्णता घेते, तेवढी घेऊन जायला सुमारे साडेतीन हजार लिटर हवा लागते. म्हणून या इंजिनातला पंखा दिसायला लहान असला तरी त्याच्यावरची जबाबदारी रेडिएटर, पंप आणि पाणी या तिघांची मिळून आहे, आणि त्याने ढकललेल्या हवेतला बराच भाग जर वाटेतच सांडला तर ती तूट भरून काढणारे दुसरे काही नाही. पंख्याचा वेग गाडीच्या वेगावर नव्हे, इंजिनाच्या फेऱ्यांवर ठरतो. घाटात तिसऱ्या गिअरमध्ये इंजिन दमवत चढणाऱ्याला दुसऱ्या गिअरवर यायला जुने जाणकार सांगतात ते यासाठीच: फेऱ्या वाढल्या की इंजिनावरचा ताण हलका होतो आणि पंख्याचा वाराही वाढतो.

आता हीटर. पाणी नसल्यामुळे गरम पाण्यावर चालणारा हीटर या गाडीत शक्यच नव्हता, म्हणून इंजिनाची आणि धुराड्याची उष्णता हवेमार्फत आत नेली गेली. १९६३च्या मॉडेलपूर्वीच्या गाड्यांत सिलिंडर आणि हेडवरून फिरून तापलेली हवाच सरळ प्रवाशांकडे पाठवत. इंजिनाला कुठे ऑइल पाझरत असेल तर त्याचा वासही त्या हवेबरोबर आत येई, आणि जुन्या बीटलचा तो तेलकट वास ज्याने एकदा घेतला तो विसरत नाही. १९६३च्या मॉडेलपासून रचना बदलली. पुढच्या दोन सिलिंडरांच्या धुराच्या पाइपांभोवती पाकळ्यांच्या पेट्या बसवल्या, ज्यांना हीट एक्स्चेंजर किंवा सरळ हीटर बॉक्स म्हणतात, आणि त्यांना लागणारी स्वच्छ हवा थेट श्राउडमधून द्यायला सुरुवात केली. त्यासाठी श्राउडच्या मागच्या अंगाला, उजवीकडे एक आणि डावीकडे एक, अशी दोन गोल तोंडे काढली. तिथून दोन-अडीच इंच जाडीच्या लवचीक नळ्या निघतात, इंजिनाभोवतीच्या पत्र्यातल्या दोन भोकांतून खाली उतरतात आणि हीटर बॉक्सला मिळतात. तिथे तापलेली हवा पुढे गाडीच्या दोन्ही कडांच्या पोकळ पट्ट्यांतून पायापाशी आणि समोरच्या काचेपाशी जाते.

म्हणजे हीटर काढला की इंजिनाच्या बाजूला तोंडांच्या दोन वेगवेगळ्या जोड्या उघड्या पडतात. एक जोडी श्राउडवरची, जिथून नळी निघत होती. दुसरी खालच्या पत्र्यातली, जिथून नळी खाली उतरत होती. घोटाळा होतो तो इथे, कारण दोन्ही भोके साधारण एकाच आकाराची असतात, एकमेकांपासून वीतभर अंतरावर असतात आणि एकाच नळीमुळे पडलेली असतात. पण त्यांचा उपद्रव अगदी उलट दिशांचा आहे. श्राउडच्या आत बाहेरच्यापेक्षा जास्त दाब असतो, म्हणून त्याच्या तोंडातून गार हवा बाहेर उडते. खालच्या पत्र्याच्या वर, म्हणजे इंजिनाच्या खणात, पंखा सतत हवा ओढत असल्यामुळे दाब किंचित कमी असतो, म्हणून त्या पत्र्यातल्या भोकातून खालची गरम हवा वर येते. पहिल्या जोडीतून इंजिनाची गार हवा चोरीला जाते आणि दुसरीतून इंजिनानेच टाकून दिलेली उष्णता त्याच्या नाकाशी परत येते.

इथे एक चांगली शंका निघते, आणि ती सरांनीच काढली. हीटर जागेवर होता तेव्हाही या तोंडांतून हवा जातच होती ना? मग तेव्हा इंजिन तापत नव्हते आणि आता तापते, हे कसे? याचे उत्तर सोसायटीच्या पाण्याच्या टाकीत आहे. गच्चीवरच्या टाकीतून एकच पाइप खाली येतो. तळमजल्यावर कोणी बारीक तोटीचा नळ सोडला तर तिसऱ्या मजल्याला थोडाच फरक जाणवतो. पण तळमजल्यावरची तोटीच काढून पाइप मोकळा ठेवला तर तिसऱ्या मजल्यावर सूतभर धारही येत नाही. हवा असो की पाणी, ते कमी अडथळ्याच्या वाटेने जास्त जाते. हीटर जोडलेला असताना त्या तोंडापुढे लांब नळी होती, तिची वळणे होती आणि शेवटी हीटर बॉक्समधल्या अरुंद पाकळ्या होत्या. हा सगळा अडथळा ठरावीक वाटाच घेऊ देई, आणि तो वाटा हिशेबात धरूनच पंखा नेमलेला होता. नळी काढल्यावर अडथळा शून्य होतो. सिलिंडर आणि हेडच्या दाट पाकळ्यांमधून घुसण्यापेक्षा मोकळ्या तोंडातून बाहेर पडणे हवेला फार सोपे, म्हणून ती तिकडे धावते. तोंड नीट बंद केले तर हिशेब उलट फिरतो: हीटरचा जुना वाटाही आता हेडला मिळतो, म्हणजे मूळ रचनेपेक्षा थोडी अधिकच हवा.

त्यातही डावे तोंड उघडे असणे मला अधिक धोक्याचे वाटते. १९७१च्या मॉडेलपूर्वीच्या इंजिनांत ऑइल कूलर श्राउडच्या आतच, डाव्या बाजूला, तिसऱ्या सिलिंडरच्या वाटेत उभा असतो. त्या सिलिंडरला कूलरने अडवलेली आणि कूलरवरून तापून आलेली हवा मिळते, त्यामुळे चौघांत तो आधीच सर्वांत गरम चालतो. (१९७१पासून कूलर बाहेरच्या अंगाला सरकवून त्याला वेगळी वाट दिली, ती याच दुखण्यावरचा इलाज म्हणून.) ज्या बाजूला आधीच तूट आहे, त्याच बाजूला गळतीही ठेवणे म्हणजे दुष्काळात तेरावा महिना.

दुसऱ्या जोडीचे नुकसान आकड्यांत पाहिले की नीट पटते. हेडच्या पाकळ्या १५० अंश सेल्सिअसवर आहेत असे उदाहरणापुरते धरू. जर्मनीतल्या एखाद्या गार दिवशी बाहेरची हवा १५ अंशांची असेल तर दोघांतला फरक १३५ अंश आहे, आणि हवा जेवढी उष्णता उचलते ती ढोबळमानाने या फरकाच्या प्रमाणात असते. पुण्याच्या एप्रिल-मेमधल्या ४० अंशांच्या दुपारी हा फरक ११० वर येतो, म्हणजे तेवढ्याच हवेने जवळजवळ एक-पंचमांश उष्णता कमी उचलली. आता इंजिनाखालची गरम हवा भोकांतून वर येऊन मिसळली आणि पंख्याला ६० अंशांची हवा मिळू लागली, तर फरक ९० अंशच उरतो. जर्मनीतल्या त्या गार दिवसाच्या मानाने थेट एक-तृतीयांश घट. शिवाय पुणे समुद्रसपाटीपासून सुमारे ५६० मीटर उंच असल्यामुळे इथली हवा मुंबईपेक्षा थोडी विरळ आहे, तीही इंजिनाच्या विरोधातच जाते. हवामान आपल्या हातात नाही, पण ४० चे ६० होणे तरी पत्र्याच्या दोन तुकड्यांनी टाळता येते. हीटर बॉक्स काढून साधे पाइप बसवलेल्या गाडीत हे विशेष जपावे लागते, कारण बॉक्सचे पत्र्याचे आवरण गेल्यामुळे लालबुंद होणारे पाइप आता उघडेच असतात आणि खालची हवा पूर्वीपेक्षा जास्त तापते.

बंद करण्याच्या साहित्यात लोक हमखास उलटी निवड करतात. श्राउडच्या तोंडावर, उष्णता सोसावी म्हणून, महागडे लाल सिलिकॉन थापतात आणि खालच्या भोकात ट्यूबच्या रबराचा तुकडा ठोकतात. वस्तुस्थिती अशी आहे की श्राउडमधून जाणारी हवा नुकतीच बाहेरून आलेली, गार असते. तिथे चांगल्या रबराची टोपीसुद्धा वर्षानुवर्षे टिकते. खालचे भोक मात्र धुराच्या पाइपांच्या डोक्यावर असते आणि तिथे धातूशिवाय दुसरे काही ठेवू नये.

श्राउडच्या तोंडासाठी परदेशात तयार टोप्या मिळतात, पण सरांच्या गाडीसाठी आम्ही त्या मागवल्या नाहीत. तोंडाला बाहेर निघालेली गोल कड असते. तिचा बाहेरचा व्यास व्हर्नियरने मोजला. साठ वर्षांच्या उघडझाकीत ती कड थोडी अंडाकृती झाली होती, म्हणून आधी ती लाकडी ठोकळ्यावर हलक्या हाताने गोल केली. मग भवानी पेठेत पत्र्याची कामे करणाऱ्या एका कारागिराकडून २० गेजच्या पत्र्याच्या, डब्याच्या झाकणासारख्या पण इंचभर खोल, दोन टोप्या करून घेतल्या. त्याने मोगरीने काठ वळवला, सांधा डागला, टोपी कडेवर घालून बोटाने फिरवून पाहिली आणि "डालड्याच्या डब्याचं काम आहे हे," असे म्हणून किरकोळ पैसे घेतले. टोपीच्या काठाला समोरासमोर चार उभ्या चिरा दिल्या, कडेवर रबराची पातळ पट्टी गुंडाळली, टोपी चढवली आणि वरून नाना पेठेतून आणलेली होज क्लिप आवळली. कुठेही ड्रिल लावावे लागले नाही, ही या पद्धतीची मुख्य सोय. श्राउड इंजिनावर असताना त्याला भोक पाडले तर धातूचा कीस आत पडतो आणि ऑइल कूलरच्या किंवा सिलिंडरच्या फटींत जाऊन बसतो. आतल्या बाजूला डोकावणारा स्क्रू पुढेमागे सैल झाला तर त्याचे काय होईल हे बनियनच्या गोष्टीवरून ओळखावे. शिवाय उद्या कोणाला हीटर परत बसवायचा झाला तर क्लिप सोडली की मूळ तोंड जसेच्या तसे मिळते, आणि जुन्या गाडीच्या बाबतीत परत फिरता येणे ही लहान गोष्ट नव्हे.

या तोंडावरचा दाब फार नसतो. भरधाव फेऱ्यांवरही तो पाण्याच्या काही इंचांच्या स्तंभाएवढाच भरेल. तरीही बोळा, थर्मोकोल, चिकटपट्टी यांतले काहीच चालत नाही, कारण खरा शत्रू दाब नसून थरथर आहे. इंजिन अहोरात्र हादरत असते, हादऱ्याने सैल झालेली वस्तू दाबाने बाहेर पडते, आणि पंख्याचे हवा ओढणारे तोंड श्राउडच्या पलीकडच्या, म्हणजे मागच्या सीटकडच्या बाजूला वाटच पाहत असते. तेलाने भिजलेले कापड धुराच्या पाइपावर पडले तर पुढचे सांगायला नको. इंजिनाचा मधला सांगाडा मॅग्नेशियमच्या मिश्रधातूचा आहे आणि तो पेटला तर पाण्याने विझत नाही, उलट भडकतो. नळांच्या दुकानातली ६३ मिलिमीटरची पीव्हीसीची एंड कॅप काही जण वापरतात. ती घट्ट बसते हे खरे, पण इंजिन बंद केल्यावर पंखा थांबतो आणि साठलेली उष्णता वर चढते, त्या वेळी पीव्हीसी मऊ पडते. पुण्याहून महाबळेश्वरला जाऊन यायचे आहे आणि दुसरे काही हाताशी नाही, एवढ्यापुरती ती ठीक.

खालच्या पत्र्यातली भोके बंद करणे सोपे आहे, फक्त ते इंजिनावर करू नये. तो पत्रा स्क्रूंनी बसवलेला असतो. तो सोडवून बाकावर ठेवावा, भोकापेक्षा चहूबाजूंनी अर्धा इंच मोठी अ‍ॅल्युमिनियमची चकती कापावी आणि चार छोट्या नट-बोल्टांनी, मध्ये काही न घालता, धातूवर धातू अशी आवळावी. पत्रा उतरवलेलाच असेल तर त्याच्या कडेने खणाला चिकटणारी लांब रबरी पट्टी तपासून घ्यावी. ती कडक होऊन तुटली असेल तर दोन भोके बुजवून चारही बाजूंची फट तशीच ठेवल्यासारखे होते. मूळ एअर क्लीनर काढून छोटा चकचकीत फिल्टर लावलेल्या गाड्यांत आणखी एक चोर सापडतो: जुन्या एअर क्लीनरला गरम हवा देणारी बारीक नळी जिथून निघत होती ते भोक. आणि प्लगजवळची भोके तर आपल्याकडे जवळजवळ प्रत्येक गाडीत उघडी असतात. बीटलच्या मूळ प्लग कॅपला पत्र्यातले भोक झाकणारी रबरी चकती असते. ती फाटली की स्कूटरची कॅप लावली जाते, ठिणगी उत्तम पडते, गाडी उत्तम चालते, आणि चार भोकांतून हवा गळत राहते. हीटरच्या तोंडांवर कष्ट घेऊन ही चार भोके सोडून देणारे मी पाहिले आहेत.

बंद करण्याचा उत्साह कुठे थांबवायचा, हेही तितकेच महत्त्वाचे. कार्बोरेटरखालून जाणाऱ्या इनटेक पाइपाला चिकटून एक बारीक नळी जाते, तिच्यातून थोडा धूर फिरवून तो पाइप ऊबदार ठेवलेला असतो. तीही "गरम करणारी नळी" असल्यामुळे हीटरच्याच खात्यात धरून काही जण बुजवतात. ती चूक आहे. एकाच कार्बोरेटरमधून इतक्या लांब पाइपांत पेट्रोल पोहोचायचे तर ते वाफेच्या रूपात राहिले पाहिजे. पाइप गार पडला की पेट्रोलचे थेंब भिंतींवर धरतात आणि इंजिन अडखळते. पावसाळ्यात ताम्हिणीच्या धुक्यात हे लगेच जाणवते. श्राउडमधल्या थर्मोस्टॅटच्या झडपांनाही हात लावू नये. सिलिंडरखालचा थर्मोस्टॅट ६५ ते ७० अंशांना उघडतो आणि तोवर झडपा हवा अडवून इंजिन लवकर तापू देतात. "आपल्याकडे थर्मोस्टॅट कशाला" हा युक्तिवाद "आपल्याकडे हीटर कशाला" याचाच धाकटा भाऊ आहे, पण तो मला मान्य नाही. थंड इंजिन जितका वेळ थंड राहते तितके जास्त झिजते, मग ते कोथरूडमध्ये असो की जर्मनीत जिथे बीटल बनत असे त्या वोल्फ्सबर्गमध्ये.

तोंडांची तिसरी जोडी इंजिनावर नसून गाडीच्या अंगावर आहे, म्हणून ती हमखास विसरली जाते. हीटर बॉक्समधून निघालेली हवा ज्या दोन नळ्यांतून बॉडीत शिरत होती, त्यांची टोके आता मागच्या चाकांच्या मधल्या भागात, इंजिनाच्या पुढे, उघडी लोंबतात. यांचा इंजिनाच्या तापमानाशी संबंध नाही, माणसांशी आहे. त्या नळ्या थेट आपल्या पायांपाशी उघडतात. सायलेन्सरच्या सांध्यातून धूर गळत असेल तर तो याच वाटेने आत येऊ शकतो, आणि धुरातला कार्बन मोनॉक्साइड वासावरून ओळखता येत नाही. बाकी पाहुणेही याच दाराने येतात. पार्किंगमध्ये महिनाभर उभ्या असलेल्या गाडीच्या पट्ट्यांत उंदरांनी संसार थाटल्याचे ऐकले आहे. इथे रबराची टोपी आणि क्लिप पुरते. सिलिकॉन भरून कायमचे लिंपू नये, कारण कडेच्या पोकळ पट्ट्या आतून गंजणे हे बीटलच्या बॉडीचे जुने दुखणे आहे, आणि पावसाळा संपल्यावर टोपी काढून आत ओल आहे का ते पाहता आले पाहिजे.

इतके सांगून झाल्यावर माझे मत उलटे वाटेल, तरी सांगतो. ज्यांचे हीटर बॉक्स अजून धड आहेत, त्यांनी ते काढू नयेत आणि श्राउडची तोंडेही बुजवू नयेत. बॉक्स जागेवर ठेवून फक्त त्याची हवा तोडणे हा अर्धवट मार्ग मला पटत नाही. बॉक्समधल्या पाकळ्या ज्या हवेच्या भरवशावर आहेत ती काढून घेतली की तिथली उष्णता कोंडते. नळ्या फाटल्या असतील तर नळ्या बदलाव्यात, ते काम चाळीस मिनिटांचे आहे. आणि पुण्यात हीटर नको म्हणणाऱ्यांनी जुलैत लोणावळ्याच्या पावसात चार माणसे बसवून, काचा बंद करून, एसी नसलेली ही गाडी एकदा चालवून पाहावी. समोरच्या काचेवर आतून धरलेली वाफ हाताने पुसून संपत नाही. तिथे काचेवर येणारी ऊबदार हवाच कामाला येते. बीटलचा हीटर आपल्याला थंडीसाठी नव्हे, पावसासाठी लागतो.

सगळे बंद केल्यावर ते खरोखर बंद झाले का, हे तपासायला काही जण उदबत्ती घेऊन धूर कुठे वळतो ते पाहतात. कल्पना हुशार आहे आणि जागा भयंकर, कारण वीतभर अंतरावर कार्बोरेटर आणि पेट्रोलची नळी असते. आम्ही पतंगाच्या कागदाची बोटभर लांब पट्टी सायकलच्या स्पोकच्या टोकाला घट्ट चिकटवली, इंजिन थोड्या वाढवलेल्या फेऱ्यांवर ठेवले, आणि बेल्टपासून हात लांब ठेवून ती पट्टी प्रत्येक सांध्याजवळ धरली. श्राउडच्या बाजूला कागद दूर उडाला तर गळती. खालच्या पत्र्याच्या कडेला कागद वर उचलला गेला तर गरम हवा येते आहे. दोन्ही टोप्यांपाशी कागद निश्चल राहिला. तिसऱ्या सिलिंडरच्या प्लगपाशी मात्र तो असा फडफडला की सर दचकून मागे सरले. तिथे स्कूटरची कॅप होती.

नवी कॅप यायला पंधरा दिवस लागले. तोवर काढलेले हीटर बॉक्स, गंजलेले का होईनात, आम्ही घासून, तेल लावून, गोणपाटात गुंडाळून सरांच्या माळ्यावर ठेवले, आणि वर खडूने "डावा" आणि "उजवा" असे लिहून ठेवले, कारण ते एकमेकांच्या जागी बसत नाहीत.